कावसजी नायगमवाला

थंडीच्या दिवसांत वाशीमच्या एखाद्या माळावरून रात्रीचे निरभ्र आकाश पाहिले, तर मृग नक्षत्रात एक धूसर डाग दिसतो. देवयानी तारकासमूहातही तसाच एक डाग आहे. पूर्वी अशा सर्व डागांना तेजोमेघ म्हणत. ते कशाचे बनले आहेत, हा ज्योतिर्विदांपुढील मोठा प्रश्न होता. सन १८८८ मध्ये इंग्लंडातील आयझॅक रॉबर्ट्स या हौशी निरीक्षकाने देवयानीतील मेघाचे छायाचित्र घेऊन त्याची सर्पिल रचना जगापुढे मांडली. त्याच वर्षी पुण्यास एक वेधशाळा स्थापन झाली. तिचे प्रवर्तक होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला.

कावसजींचा जन्म सन १८५७ मध्ये मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण घेऊन ते तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले. वेधशाळेसाठी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये उभ्या राहिलेल्या या वेधशाळेस महाराजांचेच नाव देण्यात आले. तेथील दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती.

कावसजींना इंग्लंडातील थोर शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचे मार्गदर्शन लाभले होते. तेजोमेघाच्या वर्णपटातील ठळक हिरवी रेषा मॅग्नेशियमची असावी, असे लॉकियर यांचे मत होते. परंतु मॅग्नेशियमची खूण एका कडेने पुसट असते. कावसजींनी मृगातील मेघाचे पुनःपुन्हा निरीक्षण केले. ती रेषा प्रत्येक वेळी रेखीवच दिसली. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी सन १८९१ मध्ये निर्भयपणे प्रसिद्ध केला. पुढे सन १९२७ मध्ये ती रेषा अतिविरळ प्राणवायूची असल्याचे सिद्ध झाले.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे कावसजींनी आपली उपकरणे मांडली. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. हात चुकला, तर पुन्हा संधी नव्हती. तेवढ्या अवधीत त्यांनी वेध साधले. चंद्राची ती सावली पुढे विदर्भावरून ईशान्येस गेली.

सन १९१२ मध्ये कावसजी निवृत्त झाले. त्यांच्यामागे वेधशाळा बंद पडली आणि मोठी दुर्बीण कोडाईकनालला नेण्यात आली. सन १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.

देवयानीतील तो डाग म्हणजे सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली ताऱ्यांची दीर्घिका आहे, हे आज आपण जाणतो. मुलांनो, गुरूंविषयी आदर ठेवूनही डोळ्यांना दिसलेले सत्य सांगावे, हा धडा कावसजींच्या चरित्रातून आपणांस मिळतो.