सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेघा

शिर्डीहून राहात्याकडे निघालात की पेरूच्या बागा दिसतात. चुनखडीच्या जमिनीत कधी कधी झाडांची कोवळी पानं पिवळी पडतात. जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते मिळत नाही. मग शेतकरी माती तपासायला देतो आणि मृदा आरोग्य पत्रिकेत लोह, जस्त, तांबं, मंगल यांचे आकडे छापून येतात. हे आकडे मिळतात कसे, असा प्रश्न पडलाय कधी? त्यासाठी जर्मनीतल्या एका पोरक्या पोराची गोष्ट ऐकावी लागेल.

जोसेफ फ्राउनहोफर. जन्म १७८७चा, बव्हेरियातला. वडील काचकाम करायचे. अकराव्या वर्षापर्यंत आई-वडील दोघंही गेले. म्युनिकमधल्या एका आरसेवाल्याकडे बिनपगारी उमेदवारी सुरू झाली. शाळा सुटली, पुस्तक वाचायलाही मालकाची आडकाठी. १८०१मध्ये ती इमारतच कोसळली. चौदा वर्षांचा जोसेफ ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. तिथे आलेल्या बव्हेरियाच्या शासकानं त्याला पैसे दिले. तुम्ही काय केलं असतं त्या पैशांचं? त्यानं काच घासायचं यंत्र घेतलं आणि उरलेल्या उमेदवारीतून स्वतःला सोडवून घेतलं.

पुढे तो दुर्बिणीची भिंगं बनवू लागला. कुठली काच कुठला रंग किती वळवते, हे त्याला अचूक मोजायचं होतं. १८१४मध्ये लोलकातून आलेला सूर्यप्रकाश दुर्बिणीतून पाहताना वर्णपटात काळ्या रेघा दिसल्या. मोजक्या रेघा वोलास्टननं आधी पाहिल्या होत्या. या पठ्ठ्यानं ५७४ मोजल्या! ठळक रेघांना अक्षरं दिली, जागा नोंदवल्या. पण त्या का पडतात, हे त्याला उलगडलं नाही. १८२६मध्ये, अवघ्या ३९व्या वर्षी तो गेला.

१८५९च्या सुमारास किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी कोडं सोडवलं. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू आपापले ठरलेले रंग शोषतात, म्हणून त्या जागी काळी रेघ. आज प्रयोगशाळेत मातीचा अर्क ज्वाळेत फवारतात आणि त्यातून लोहाच्या खास दिव्याचा प्रकाश सोडतात. जितका जास्त प्रकाश शोषला जाईल, तितकं अर्कात लोह जास्त. जस्ताला दिवा वेगळा, पद्धत तीच. त्यावरून ठरतं, बागेला कुठलं खत द्यायचं.

म्हणून मित्रांनो, प्रॅक्टिकलमध्ये न पटणारं रीडिंग आलं, तर लगेच खोडून शेजारच्याचं उतरवू नका. पुन्हा मोजा आणि आलं तसं लिहा. फ्राउनहोफरलाही त्याच्या रेघांचा अर्थ माहीत नव्हता. त्यानं त्या प्रामाणिकपणे मोजून ठेवल्या, एवढंच.