गडकऱ्यांचा सुधाकर पुन्हा का प्याला?

राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५चा, नवसारीतला. मुंबईहून वसई-विरारमार्गे सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव. वडील लवकर गेले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले शिक्षण अर्धवट राहिले आणि ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. ‘गोविंदाग्रज’ नावाने कविता, ‘बाळकराम’ नावाने विनोद आणि स्वतःच्या नावाने नाटके त्यांनी लिहिली.

‘एकच प्याला’ने त्यांना घराघरांत नेले. त्यातला वकील सुधाकर सनद निलंबित झाल्यावर तळीरामाच्या नादाने पिऊ लागतो. मध्ये तो दारू सोडतोही. पण नोकरीसाठी हिंडताना अपमान पदरी येतो आणि पुन्हा पितो. प्रेक्षकांनी याला मनाचा दुबळेपणा मानले.

१९०९ मध्ये ‘जीन’ हा शब्द विज्ञानात आला, तेव्हा गडकरी २४ वर्षांचे होते. पुढे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसले, की दारूचे व्यसन जडण्याच्या धोक्यात सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. त्यामागे एकच जनुक नसते. अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम असतो. काही जनुके यकृतात दारूचे विघटन किती वेगाने होते हे ठरवतात. पूर्व आशियात अनेकांना एका जनुकातील बदलामुळे घोटभर दारूनेही चेहरा लाल होतो, मळमळते. त्यामुळे व्यसनाचा धोका घटतो. १९४८ पासून वापरात आलेले डायसल्फिराम हे औषध दारू घेतल्यावर असाच त्रास घडवते. म्हणूनच ते रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळणे जिवावर बेतू शकते.

नाल्ट्रेक्सोन दारूची ओढ कमी करते. ते कोणाला लागू पडेल हे एका जनुकावरून कळेल, अशी आशा होती. नंतरच्या चाचण्यांनी तिला पुरेसा आधार दिला नाही. त्यामुळे आज औषध डॉक्टर रुग्णाची प्रकृती, यकृत आणि इतर आजार पाहून निवडतात. सोबत समुपदेशन आणि घरच्यांची साथ लागतेच.

२३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या ३३व्या वर्षी, सावनेर येथे क्षयाने गडकरी गेले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते, दारूच्या व्यसनावरही नव्हते. आज दोन्हींवर उपचार आहेत. घरात कोणाला व्यसन असेल तर इतरांनी पहिल्या पेल्यापासूनच सावध राहावे. आणि सोडलेली दारू कोणी पुन्हा धरली, तर त्याला दूषणे न देता पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे.