कै. ताराबाई मोडक

लहान मुलास नवा शब्द कसा शिकवावा, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक वाटतो. फळ्याच्या एका बाजूस शब्द लिहावा, दुसऱ्या बाजूस अर्थ लिहावा, आणि वर्गानें तो एका सुरांत दहा वेळां म्हणावा, म्हणजे काम झालें, अशी आपणांपैकीं पुष्कळांची समजूत असते. आम्हीही असेच शिकलों. नभ म्हणजे आकाश हें आम्हांस बिनचूक पाठ होतें. पण तें म्हणतांना कोणीं खिडकींतून वर पाहिल्याचें मात्र आठवत नाहीं. ही रीत सोडून शब्दास त्याच्या वस्तूजवळ व प्रसंगाजवळ नेऊन ठेवण्याचें काम महाराष्ट्रांत ज्यांनीं केलें, त्यांत कै. ताराबाई मोडक यांचें नांव आधीं घ्यावें लागतें. त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस थोडक्यांत सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

ताराबाईंचा जन्म मुंबईस १९ एप्रिल १८९२ रोजीं झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर व आई उमाबाई हीं दोघें प्रार्थनासमाजाच्या मताचीं होतीं, त्यामुळें मुलीच्या शिक्षणास घरांत आडकाठी झाली नाहीं. १९१४ सालीं त्यांनीं मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पदवी मिळविली. त्या काळीं पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पुढील सालीं अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि आमच्या वर्धा जिल्ह्याच्या शेजारींच त्यांचा संसार सुरू झाला. तो सुखाचा झाला नाहीं. १९२१ सालीं पतिपत्नी विभक्त झालीं, आणि लहान मुलीस घेऊन ताराबाईंना स्वतःच्या पायांवर उभें राहावें लागलें. त्या राजकोटास जाऊन तेथील बार्टन अध्यापिका विद्यालयाच्या मुख्याध्यापिका झाल्या. मानाची व पगाराची ती जागा त्यांनीं फार दिवस ठेविली नाहीं. १९२३ च्या सुमारास ती सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत काम करूं लागल्या.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची चिंता करतां करतां ते शिक्षक झाले होते. इटलींतील विदुषी डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा प्रयोग त्यांच्या बालमंदिरांत चाले. या पद्धतींत शब्द शिकविण्याचा एक पाठ आहे, तो आईबापांनीं मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे. समजा, जाड व बारीक हे दोन शब्द शिकवावयाचे आहेत. शिक्षिका दोन लांकडी ठोकळे मुलाच्या हातीं देते, आणि हा जाड, हा बारीक, एवढेंच सांगते. अधिक बोलत नाहीं. मग ती म्हणते, जाड मला दे पाहूं, बारीक इकडे ठेव पाहूं. ही दुसरी पायरी पुष्कळ वेळ चालते, कारण मुलास ती खेळासारखी वाटते. तें न चुकतां देऊं लागलें, म्हणजेच एक ठोकळा पुढें करून हा कसा आहे, असें विचारावयाचें. मध्येंच मूल चुकलें तर रागवावयाचें नाहीं, चूक दाखवावयाचीही नाहीं. वस्तु उचलून ठेवावयाची, आणि पाठ दुसऱ्या दिवशीं पुन्हा घ्यावयाचा. वस्तु आधीं हातांत, शब्द मग कानांत, आणि तोंडांत सर्वांच्या शेवटीं, असा हा क्रम आहे. आम्ही शिक्षक बहुधा याच्या उलट करितों, आणि मूल बोललें नाहीं म्हणून त्यालाच दोष देतों.

१९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला, त्याच्या उभारणींत ताराबाईंचा मोठा भाग होता. मराठी 'शिक्षणपत्रिका' त्यांनीं चालविली. १९३६ सालीं मुंबईस दादर येथें त्यांनीं शिशुविहार काढला. तेथें बालशिक्षिकाही तयार होऊं लागल्या, आणि ताराबाईंचें नांव सर्वत्र झालें. परंतु एक गोष्ट उघड होती. ठोकळ्यांच्या पेट्या, रंगीत पट्ट्या, नक्षीदार चौकटी हें सारें साहित्य महाग होतें, आणि ज्या मुलांपुढें तें मांडलें जाई त्यांच्या घरीं पुस्तकेंही होतीं व शिकलेले आईबापही होते. खेड्यांतील मुलाचें काय?

हाच प्रश्न आमच्या वर्ध्यास निराळ्या वाटेनें आला होता. ऑक्टोबर १९३७ मध्यें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं येथें शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें जी योजना आंखली ती वर्धा योजना म्हणून देशभर गाजली. या योजनेंत पहिल्या वर्षीं मातृभाषेच्या विषयांत तोंडी बोलण्यास मोठें स्थान होतें. भोंवतालच्या वस्तूंचीं नांवें मुलानें सांगावीं, घर, गांव, कपडे यांविषयीं मोकळेपणानें बोलावें, असा तींत आग्रह होता. मात्र ही योजना सात वर्षांपुढील मुलांची होती. जानेवारी १९४५ मध्यें सेवाग्रामच्या परिषदेंत नई तालीमचें क्षेत्र विस्तृत झालें, आणि सात वर्षांआंतील मुलांचा विचार तींत आला. त्याच सालीं ताराबाई मुंबई सोडून त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या व तेथें त्यांनीं ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. त्या वेळीं त्यांचें वय ५३ वर्षांचें होतें. अनुताई वाघ ही शिक्षिका त्यांच्या मदतीस आली, ती कायमचीच.

बोर्डीस पहिला अनुभव कडू आला. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठीं ती होती तीं गरीब घरचीं मुलें येईनात. शाळा म्हणजे परकी जागा, बाई म्हणजे परकें माणूस. तेव्हां ताराबाईंनीं शाळाच मुलांकडे नेली. वस्तींतील एखाद्या अंगणांत शिक्षिका जाऊन बसे, मुलांस आंघोळ घाली, केस विंचरी, गाणीं म्हणे, गोष्टी सांगे. महागड्या पेट्यांच्या जागीं खडे, शिंपले, बिया, पानें व फुलें आलीं. शब्द शिकविण्याच्या दृष्टीनें पाहतां, हा बदल केवळ काटकसरीचा नव्हता असें आम्हांस वाटतें. आंघोळ घालतांना पाणी, कान, नख, फणी हे शब्द बोलले जातात, तेव्हां ते मुलाच्या अंगावरच असतात. त्यांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं. थंड व ऊन, ओलें व कोरडें हीं विशेषणेंही त्याच तांब्यांतून येतात. ठोकळ्यावरून जाड-बारीक शिकणारें मूल आणि चिंचोका व वालाचा दाणा हातांत धरून तेंच शिकणारें मूल, यांत दुसऱ्याचा शब्द घरापर्यंत जातो. कारण चिंचोका घरींही असतो.

१९५७ सालीं हें काम जवळच्या कोसबाड टेकडीवर गेलें. तेथें वारली मुलें होतीं. वारल्यांची बोली पुस्तकांतील मराठीहून पुष्कळ निराळी; म्हणजे पाठ्यपुस्तक उघडतांच मुलास दोन अडचणी, एक अक्षराची व दुसरी भाषेची. आमच्या जिल्ह्यांतील आईबापांनीं याविषयीं हंसूं नये. आपल्याकडे मूल सांबार आण म्हणतें आणि पुस्तक कोथिंबीर म्हणतें. तें वावरांत जातें आणि पुस्तकांतील शेतकरी शेतांत जातो. भेदरं तें रोज खातें, पण चित्राखालीं टोमॅटो लिहिलेलें असतें. एका वर्गांत एका मुलीनें कोथिंबिरीच्या चित्रास सांबार म्हटलें, तें चूक म्हणून खोडलें गेलें, आणि पुढें पुष्कळ दिवस ती मुलगी कोणत्याच चित्राचें नांव सांगावयास उभी राहिली नाहीं. हें आमच्या डोळ्यांदेखत घडलें. तिचा शब्द चुकलेला नव्हता. त्याच्या शेजारीं दुसरा शब्द ठेवावयाचा राहिला होता. जुडी हातीं देऊन, तुमच्या घरीं हिला सांबार म्हणतात, पुस्तकांत कोथिंबीर म्हणतात, एवढें सांगितलें असतें तर तिच्यापाशीं एकाच्या जागीं दोन शब्द झाले असते.

कोसबाडास मोठीं मुलें गुरांमागें रानांत जात, आणि त्यांहून लहान मुली धाकट्या भावंडांस संभाळीत. त्यांना शाळा मिळावी कशी? ताराबाईंनीं गुराख्यांसाठीं कुरणशाळा काढली. गुरें जेथें चरतील तेथें शिक्षकानें जावयाचें, आणि गवत, झाड, पांखरूं, ओढा यांवरूनच बोलणें व शिकणें चालवावयाचें. भावंडें संभाळणाऱ्या मुलींसाठीं पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणीं आणून विकासवाडी उभारली. तान्हें मूल पाळण्यांत ठेवून बहीण शेजारच्या वर्गांत बसूं शके.

१९६२ सालीं सरकारनें ताराबाईंस पद्मभूषण ही पदवी दिली. १९७३ सालीं त्या वारल्या. दोनच वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, भारत सरकारनें सहा वर्षांआंतील मुलांची योजना सुरू केली; तिच्या केंद्रांस अंगणवाडी हें नांव मिळालें, आणि आज आमच्या जिल्ह्यांतील खेड्यांतही तें सर्वांच्या तोंडीं आहे. कोसबाडचें काम अनुताईंनीं पुढें चालविलें, तें १९९२ सालीं त्यांच्या मृत्यूपर्यंत.