सोवळ्याच्या आड

अकोल्याच्या आमच्या घरी पाण्याचे दोन हंडे असत. एक सगळ्यांचा, दुसरा एकट्या दादाचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पहाटे प्रवरेवर अंघोळीला जायचा तो ऊन चढले तरी परतत नसे. वाटेत कुणाचा धक्का लागल्याची नुसती शंका आली तरी पुन्हा नदी गाठायचा. अगस्ती ऋषींच्या गावात अशा आचारनिष्ठ मुलाचे कौतुकच होई. आई तर ते अभिमानाने सांगे.

पुढे मी बँकेत लागलो. दिवसभर नोटा मोजून घरी आलो की दादा मला अंगणातच थांबवी. अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. एका संध्याकाळी मी सगळ्यांदेखत त्याला ढोंगी म्हणालो. थंडीने आणि पाण्याने त्याच्या हातांना भेगा पडून रक्त येत होते. ते मला दिसत होते, तरी म्हणालो.

त्यानंतर काही वर्षांनी, बदलीच्या गावी एकटा राहत असताना, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचायला घेतली. सुरुवातीची पाने वाचताना खूप हसलो आणि मग एकदम हसू थांबले. ते घर मला ओळखीचे वाटले.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या घटनेनंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनात विटाळाची भीती जी शिरली, ती निघालीच नाही. घरात येणारी प्रत्येक जिन्नस धुवून घ्यायची. मीठ-साखरसुद्धा सुटली नाही. बायकामुलांची त्यात फरफट झाली. बाहेरून पाहणाऱ्याला ते कडक सोवळे वाटावे. अशा अतिरेकाला आपल्याकडे मंत्रचळ हा जुना शब्द आहे. आजचे डॉक्टरही तो वापरतात, पण आजाराचे नाव म्हणून. दीड शतकापूर्वीच्या माणसाचे निदान मी करू नये. पण त्यात धर्म किती आणि भय किती, हा प्रश्न मनातून जाईना.

अकराव्या-बाराव्या वर्षी, 1880 मध्ये, या मुलीचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, मनाने उदार, पण रागाचा भडका उडाला की आवरत नसे. न सांगता घर सोडून जाणे हे तर नेहमीचेच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तो धक्का लक्ष्मीबाईंना सोसवेना. पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले. त्यांतला काही काळ त्या पंढरपुरात आप्तांकडे होत्या. नंतर त्या नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे आल्या. तरी पाणी वेगळे आणि चूलही वेगळी. माहेरची भीती अशी सोबत आली होती.

ती त्यांनी स्वतःच्या विचाराने सोडली. माणसांत जाती देवाने केल्या नाहीत, असे मनाशी ठरले आणि त्या कुणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जिच्या बापाने मीठसुद्धा धुवून घेतले, तिने पुढे परक्यांची अनाथ मुले पोटाशी धरली आणि प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 मध्ये आला आणि 1936 मध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने वडिलांच्या विक्षिप्तपणाला भक्ती म्हटले नाही आणि वडिलांचा तिरस्कारही केला नाही. जे घडले ते हसत हसत सांगून टाकले.

आमच्या घरी यातले काहीच जमले नव्हते. आईने दादाच्या आजाराला पुण्य म्हटले, मी ढोंग म्हटले. दोघांनीही त्याला आजार म्हटले नाही. आईच्या कौतुकाने तो अडकला आणि माझ्या टोमण्यांनी एकटा पडला.

त्याला नाशिकला डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्याने पंचेचाळिशी गाठली होती. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. घराण्यात वेड नाही, हे तिचे पालुपद. डॉक्टरांनी औषधे दिली आणि आम्हालाही पथ्य सांगितले. त्याच्यासाठी वेगळा हंडा भरायचा नाही, पण त्याच्यावर ओरडायचेही नाही. हात धुण्याची ऊर्मी आली की थोडे थांबायचे, रोज थोडे जास्त, हा त्याचा अभ्यास. दुसरा हंडा माळ्यावर जायला वर्ष लागले. तो पूर्ण बरा झाला असे म्हणणार नाही. पण शेवटच्या काही वर्षांत तो माझ्या हातातून सुट्टे पैसे घेऊन भाजी आणायला जाई.

आज आजाराचे नाव कळायला पुस्तकाची वाट पाहावी लागत नाही. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. तरीही घरोघरी अजून तेच ऐकू येते: मन घट्ट कर, देवाचे नाव घे, हे सारे रिकामपणाचे उद्योग आहेत. असे बोलणारी माणसे दुष्ट नसतात. मीही नव्हतो. पण दादाच्या हातांवरच्या भेगांना मलम लावायचेही मला तेव्हा सुचले नव्हते.