एरिक लेथवेट

एरिक रॉबर्ट्स लेथवेट (१४ जून १९२१ – २७ नोव्हेंबर १९९७) हे ब्रिटिश विद्युत अभियंते आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील प्राध्यापक होते. चक्राकार न फिरता सरळ रेषेत बल देणाऱ्या रेषीय प्रवर्तन मोटरीवरील संशोधनासाठी ते ओळखले जातात. ही मोटर त्यांनी शोधली नव्हती. त्यांच्या जन्मापूर्वीच तिची पेटंटे घेतली गेली होती. मागे पडलेली ही कल्पना त्यांनी पुन्हा उपयोगात आणली.

त्यांचा जन्म लँकेशायरमधील ॲथर्टन येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश वायुदलात होते व फार्नबरो येथे त्यांनी विमानांच्या स्वयंचालक यंत्रणेवर काम केले. १९४६ मध्ये त्यांनी मँचेस्टर विद्यापीठात प्रवेश घेतला.

धोट्याचा प्रश्न

मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे शहर. मागावरील ताण्यातून बाण्याचा धागा नेणारा धोटा दांडक्याच्या फटक्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो. ठाण्यातील बाळकुमहून कशेळीचा खाडीपूल ओलांडल्यावर लागणाऱ्या भिवंडी परिसरातील यंत्रमागांच्या खडखडाटात या फटक्यांचा मोठा वाटा असतो. फटक्याऐवजी सरकत्या चुंबकीय क्षेत्राने धोटा ओढता येईल, असे लेथवेट यांना वाटले.

धोट्याला वेग देणे तुलनेने सोपे होते. त्याला नेमक्या जागी थांबवणे कठीण. प्रवर्तन मोटरीत हलणारा भाग क्षेत्राच्या वेगापेक्षा थोडा मागे राहतो आणि हे मागे पडणे भारानुसार बदलते. त्यामुळे केवळ विद्युतपुरवठ्यावरून धोटा कोठे आहे हे ठरत नाही. लेथवेट व पीटर लॉरेन्सन यांनी १९५७ मध्ये धोट्यासाठी आपोआप मागेपुढे हेलकावे घेणाऱ्या मोटरीची मांडणी प्रसिद्ध केली. पुढे मागांनी धोटाच सोडून हवेचा झोत व इतर साधने स्वीकारली. नेमके स्थान साधणाऱ्या आजच्या यंत्रहत्यारांतील रेषीय मोटरी बहुधा समकालिक प्रकारच्या असतात. त्यांत सरकत्या भागाची जागा संवेदकाने सतत मोजून प्रवाह बदलला जातो.

चाकाविना वाहन

१९६४ पासून इंपीरियल कॉलेजमध्ये असताना त्यांनी हीच मोटर रेल्वेसाठी सुचवली. चाक व रूळ यांच्या घर्षणावर तिचे बल अवलंबून नसते. ते सल्लागार असलेल्या हवेच्या गादीवरील गाडीने फेब्रुवारी १९७३ मध्ये ताशी सुमारे १६७ किलोमीटर वेग गाठला. त्याच महिन्यात सरकारने निधी थांबवला. १९८४ मध्ये बर्मिंगहॅम विमानतळावर सुरू झालेली चुंबकीय गाडी मात्र रेषीय प्रवर्तन मोटरीवर १९९५ पर्यंत धावली.

१९७४ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात त्यांनी घूर्णदर्शी न्यूटनचे नियम पाळत नाही, असे सुचवले. संस्थेने ते व्याख्यान छापले नाही. पुढे त्यांनी ही चूक मान्य केली, तरी प्रतिष्ठेला बसलेला धक्का पुरता भरून निघाला नाही. १९८६ मध्ये त्यांना निकोला टेस्ला पुरस्कार मिळाला. पतंग व फुलपाखरांचेही ते जाणकार होते. १९७५ मध्ये त्यांवरील एका कोशाचे ते सहलेखक होते.