पुराच्या पाण्याला जागा देणारा माणूस

ऑगस्ट १८६०. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे काम पाहणारे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड घोडागाडीच्या अपघातात जबर जखमी झाले. डाव्या मांडीचे हाड मोडले. ते अंथरुणावर असतानाच, आठवडाभराने त्यांचे दोन महिन्यांचे बाळ जुलाब-उलट्यांनी दगावले. त्या काळी उन्हाळ्यात तान्ही मुले अशीच जात. ओल्मस्टेड जन्मभर लंगडत चालले. उद्यानांचे आराखडेकार म्हणून जग त्यांना ओळखते. मला मात्र सार्वजनिक आरोग्याचे काम केलेला माणूस म्हणून ते अधिक जवळचे वाटतात.

त्यांचा जन्म १८२२ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. पौगंडावस्थेत विषारी झुडपाच्या बाधेने डोळे दुखावले आणि कॉलेजचे शिक्षण राहून गेले. पुढे त्यांनी जहाजावर नोकरी केली, शेती केली, वार्ताहर म्हणून दक्षिणेत हिंडले. १८५८ मध्ये कॅल्व्हर्ट वॉक्स यांच्यासोबत केलेला सेंट्रल पार्कचा आराखडा स्पर्धेत पहिला आला. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा सैनिकांच्या आरोग्यासाठी नेमलेल्या सॅनिटरी कमिशनचे ते सचिव झाले. त्या युद्धात गोळ्यांपेक्षा रोगांनी जास्त सैनिक मेले. छावणीत पाणी कुठून येते, मैला कुठे जातो, हे प्रश्न तिथे त्यांच्या रोजच्या कामाचे झाले.

१८७८ च्या अखेरीस बॉस्टन शहराने त्यांना बोलावले. तिथल्या बॅक बे भागात स्टोनी ब्रुक आणि मडी रिव्हर हे दोन प्रवाह शहराची घाण घेऊन खाडीत उतरत. ओहोटीला चिखल उघडा पडून दुर्गंधी सुटे. भरतीला समुद्र सुमारे तीन मीटर चढे; त्याच वेळी मोठा पाऊस आला की पाणी मागे फिरून वस्तीत घुसे. पाणी थोपवायला दगडी भिंतींचा तलाव बांधावा, असा अभियंत्यांचा विचार होता.

ओल्मस्टेड यांनी शहर अभियंता जोसेफ डेव्हिस यांच्याबरोबर बसून वेगळा मार्ग काढला. रोजचा घाण प्रवाह बंद नाल्यातून बाहेर काढायचा. भरतीचे पाणी दरवाजांनी रोखायचे. पुराचे पाणी मात्र वळणावळणाच्या, उतरत्या काठांच्या तलावात पसरू द्यायचे आणि ओहोटी लागली की सोडून द्यायचे. काठावर खाऱ्या पाण्यात तगणारे गवत लावले. पूर नसेल तेव्हा लोकांनी तिथे फिरावे, मुलांनी मोकळी हवा घ्यावी. ही जागा ‘बॅक बे फेन्स’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

दुर्गंधीयुक्त हवेने रोग होतात, असे त्या काळच्या डॉक्टरांप्रमाणे ओल्मस्टेड यांनाही वाटे. रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याचा जंतू शोधला तो १८८३-८४ मध्ये. म्हणजे रोगाचे कारण चुकले होते, पण मैला आणि पावसाचे पाणी वेगळे करण्याचा उपाय अचूक होता.

१८९५ च्या सुमारास त्यांची स्मृती ढासळू लागली. शेवटची वर्षे त्यांनी मॅक्लीन मनोरुग्णालयात काढली. त्या रुग्णालयाच्या जागेबाबत त्यांनीच कधीकाळी सल्ला दिला होता. १९०३ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे शहर त्यांचा धडा विसरले. १९१० च्या धरणाने भरती थांबली आणि खारे गवत मेले. पुढे मडी रिव्हरचा काही भाग पाइपात घालून वर मोटारी उभ्या केल्या. ऑक्टोबर १९९६ मध्ये पाणी थेट भुयारी रेल्वेच्या स्थानकात शिरले. अलीकडे तोच प्रवाह खोदून पुन्हा उघडा केला आहे.

जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की काय होते, हे मुंबईकरांना सांगायला नको. हिंदमाता परिसराचे पाणी साठवण्यासाठी आता तिथल्या उद्यान-मैदानाखाली भूमिगत टाक्या बांधल्या आहेत. २६ जुलै २००५ नंतर लेप्टोस्पायरोसिसने आजारी पडलेले रुग्ण आम्हा डॉक्टरांच्या आजही लक्षात आहेत. तुंबलेल्या पाण्यात उंदीर-घुशींचे मूत्र मिसळते आणि पायावरच्या साध्या चिरेतून जंतू शरीरात शिरतात.

म्हणून आपल्या बागेत असा तलाव किंवा टाकी होणार असेल तर नागरिकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. त्यात गटाराचे पाणी येणार का? पावसाळ्यापूर्वी गाळ कोण काढणार? आणि पाणी दोन-तीन दिवसांत रिकामे होणार का? डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पूर्ण वाढायला सुमारे आठवडा लागतो. त्याआधी पाणी गेले पाहिजे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर त्या बागेला विरोध करण्याचे आरोग्याच्या दृष्टीने काही कारण उरत नाही.