बाबुराव शेडमाके : कॅमेऱ्याने न पाहिलेला चेहरा

आलापल्लीच्या सागवानी जंगलाची छायाचित्रे पर्यटकांच्या परिचयाची आहेत. सरळसोट उंच बुंधे, त्यांच्यामधून तिरपा उतरणारा प्रकाश, खाली वाळलेल्या पानांचा थर. येथील सुमारे ६ हेक्टरचा एक तुकडा ‘आलापल्लीचे वनवैभव’ म्हणून राखून ठेवण्यात आला असून २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. पाहणाऱ्याला ही छायाचित्रे प्रसन्न करतात, इतकेच. मात्र याच अरण्यपट्ट्यात १८५८ च्या उन्हाळ्यात एक पंचवीस वर्षांचा गोंड जमीनदार इंग्रजी फौजेला झुंजवीत होता, हे ठाऊक असलेल्या माणसाला तेच छायाचित्र तेवढे निवांत वाटत नाही. छायाचित्रात काहीही बदललेले नसते. बदललेला असतो तो पाहणारा.

तो जमीनदार म्हणजे बाबुराव पुलेश्वर शेडमाके. १२ मार्च १८३३ रोजी आजच्या अहेरी तालुक्यातील किष्टापूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील पुलेश्वरबापू हे मोलमपल्लीचे जमीनदार. बाबुरावांचे बालपण गोटुलाच्या संस्कारांत गेले आणि पुढे काही काळ रायपूरला त्यांनी इंग्रजी शिक्षण घेतले, असे चरित्रकार सांगतात. ते वीस-एकवीस वर्षांचे असताना नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले आणि चांदा जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात आला. जमीनदारांचे जुने अधिकार, जंगलावरची वहिवाट, महसुलाची घडी या साऱ्यालाच धक्का बसला. उत्तर हिंदुस्थानातील उठावाच्या बातम्या चांद्यापर्यंत पोहोचल्या, तेव्हा बाबुरावांनी गोंड, माडिया आणि रोहिले यांची फौज उभारली. या दलाला ‘जंगोम दल’ म्हणतात. मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा त्यांनी ताब्यात घेतला आणि चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याला फौज घेऊन बाहेर पडावे लागले. १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ पहिली मोठी चकमक झाली. बाबुरावांना पंचवीस वर्षे पूर्ण होऊन जेमतेम एक दिवस उलटला होता. पुढे अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले आणि गढीसुर्ला, सगणापूर, बामणपेठ अशी लढायांची मालिकाच सुरू झाली.

याच मार्च महिन्यात, शेकडो मैल दूर लखनौमध्ये, फेलिस बिआटो नावाचा छायाचित्रकार आपला अवजड कॅमेरा घेऊन दाखल झाला होता. सिकंदरबागेच्या भग्न वास्तूसमोर विखुरलेल्या हाडांचे त्याचे छायाचित्र जगभर गाजले. तेथील कत्तल मात्र नोव्हेंबर १८५७ मधली. ती हाडे छायाचित्रासाठी पुन्हा बाहेर काढून मांडण्यात आली, असे इतिहासकारांचे मत आहे. हे कळल्यावर चित्र पाहणाऱ्याची अवस्था अवघड होते. मृत्यू खरे, स्थळ खरे, मांडणी मात्र बनवलेली. त्याच वर्षी दिल्लीत कैदेत असलेल्या बहादूरशहा जफर याचेही छायाचित्र घेतले गेले. शय्येवर कलंडलेला एक थकलेला म्हातारा त्यात दिसतो. तो अखेरचा मोगल बादशहा आहे, हे खाली लिहिलेले नसते तर कुणाही घरातल्या आजारी आजोबांचे चित्र म्हणून ते अल्बमात खपून गेले असते. नाव कळते, आणि त्या डोळ्यांत एका राजवटीचा अंत दिसू लागतो.

चांद्याच्या रानात असा कुणी बिआटो आला नाही. बाबुरावांचे म्हणून जे चित्र आज सर्वत्र दिसते, ते चित्रकाराच्या हातचे आहे, कॅमेऱ्याचे नव्हे. १२ मार्च २००७ रोजी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले तेव्हा हा चेहरा देशभर गेला. तो चेहरा हुबेहूब आहे काय, हा प्रश्न आलापल्ली-अहेरीच्या परिसरात त्या चित्राला हार घालणाऱ्यांना पडत नाही, आणि पडू नये. छायाचित्राचा सारा अधिकार ‘हे असे होते’ या ग्वाहीवर उभा असतो. ती ग्वाहीच येथे नाही, तरीही हात जोडले जातात. म्हणजे भावनेचे मूळ चित्राबाहेर आहे, कथेत आहे, असे म्हणणे येथे तरी भाग आहे.

पण कथा म्हणजे निव्वळ पराक्रमाची यादी नव्हे. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुडी येथील तारखात्याच्या छावणीवर बंडवाल्यांनी हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले, तिसरा पीटर निसटून क्रिक्टनला जाऊन मिळाला. यानंतर क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. एक लक्ष्मीबाई त्याच वर्षीच्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ लढता लढता पडली. दुसरीच्या माणसांनी १८ सप्टेंबरला बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले. त्याआधी एकदा हाती लागूनही ते निसटले होते. लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून ६७ गावे मिळाली. त्यांना केवळ फितूर ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तोफा असलेल्या सरकारपुढे एका संस्थानिक स्त्रीसमोर पर्याय किती होते, हाही प्रश्न विचारायला हवा. तो सहसा विचारला जात नाही, कारण तो भिंतीवरच्या चित्राच्या चौकटीत बसत नाही.

खटला लांबला नाही. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात पिंपळाच्या झाडाला बाबुरावांना फाशी देण्यात आले. फाशीचा दोर पुन्हा पुन्हा तुटला, असे लोककथा सांगते. ताडोबाच्या कृपेने त्यांच्या अंगी विलक्षण बळ आले होते, असेही ती सांगते. सरकारी कागदांत यातले काही नाही. त्यात तारखा, गावे आणि शिक्षा आहेत.

तो पिंपळ चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारात लोक आजही दाखवतात. दरवर्षी २१ ऑक्टोबरला तेथे माणसे जमतात, झाडाशी फुले वाहिली जातात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते. मजकूर न वाचता पान उलटणाऱ्याला ते कारागृहाच्या आवारातले एक झाड, एवढेच दिसते.

व्यंकटराव बस्तरच्या रानात निघून गेले. १८६० मध्ये ते पकडले गेले, त्यांना जन्मठेप झाली आणि मालमत्ता जप्त झाली. त्यांचा चेहरा मात्र चित्ररूपातही फारसा कुठे आढळत नाही.